शहाण्या गल्लीचा दर

आमच्या गल्लीतल्या कचऱ्याचे दर मी एकट्याने ठरवले. अक्षरं साठीत शिकलो, पण कचरा मला लहानपणापासून वाचता येतो. फलकही मीच लिहिला: वेगळा केलेला कचरा फुकट, एकत्र टाकला तर पिशवीमागे वीस रुपये दंड.

या दंडातून आमच्या शेडवर कचरा निवडणाऱ्या चार बायांचा पगार निघायचा होता. पहिल्या आठवड्यात एवढा दंड जमला की माझी छाती पोत्यासारखी फुगली. दुसऱ्या आठवड्यात गल्ली सुधारली. लोक दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालू लागले. शिंपी तर बाटल्यांची झाकणं रंगांप्रमाणे लावून आणायचा. तिसऱ्या आठवड्यात दंड शून्य. मी जो भेटेल त्याची पाठ थोपटत फिरलो.

शेडवरची सगळ्यात जुनी बाई हातात धरूनच वजन सांगते, म्हणून तिला सगळे काटा म्हणतात. ती म्हणाली, "आजोबा, लोक सुधारले. आता शनिवारी पगार म्हणून आम्हाला काय, झाकणं देणार?"

"भंगार विकू की."

"त्यात गाडीचं भाडंसुद्धा सुटत नाही. गल्लीत कोणी बिघडतंय का बघा."

गेलो शिंप्याकडे. म्हटलं, "दोन दिवस जरा एकत्र टाक की."

"आजोबा, तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला, म्हातारा लोकांना घाण करायला सांगत फिरतोय. लगेच बैठक बसली. मी पगाराचा हिशोब सांगत राहिलो, पण कोणी ऐकेना. शेवटी काटा उठली.

"डोक्यावर चारच केस असले तरी न्हावी पैसे घेतो ना? मग कचरा नीट दिला म्हणून आमची मेहनत फुकट कशी? दर घराला महिन्याला तीस. एकत्र टाकलात तर वर वीस."

पहिला हात न्हाव्याचा वर गेला. मग सगळ्यांचे.

शिंपी कुरकुरला, "पण इतके दिवस फुकट फुकट म्हणून सांगितलं कोणी?"

"ज्यांनी सांगितलं तेच वसुलीला येतील," काटा म्हणाली.

शनिवारी चारही बायांना पूर्ण पगार मिळाला. माझ्या गल्लीने दिला, हे मी छातीठोक सांगतो. फक्त शिंपी राहिला होता. दार वाजवलं तर आतून म्हणतो, "मी घरी नाही."

म्हटलं, "नसलास तरी चालेल. तीस दाराखालून सरकव."