फ्रीज चावतो का?

तिसगावात आमच्या शेजारी राहणारे अंकुशतात्या कुणाकडेही गेले की आधी फ्रीजला भेटतात, मग माणसांना. चपलाही उंबऱ्यात काढत नाहीत, थेट फ्रीजपुढे काढतात. अनवाणी उभं राहून उलटा हात हळूच दाराला लावतात आणि विचारतात, "चावतो का?" नव्या सुनांना वाटतं, कुत्र्याचं विचारतायत.

तात्या जन्मभर वायरमन. काम सुटलं, पण खिशातला टेस्टर सुटला नाही. जुनी लोखंडी इस्त्री दिसो नाहीतर पत्र्याचा कूलर, पहिला प्रश्न एकच, "अर्थिंग हाय का?" एकदा मयतीला गेले आणि मयत ठेवलेल्या विजेच्या थंड पेटीलाच हात लावला. लोक चिडले, "अहो, तो गेलाय आता!" तात्या म्हणाले, "त्याला काय हुतंय? कवटाळून रडनाऱ्यांचं बघा की!" रडणारे दोन पावलं मागे सरले.

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर आठवड्याने येतो. आला की तात्या एक कळशी आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओततात. माती कोरडी पडली की अर्थिंग मेलं, म्हणतात. आई करवादते, "तुळस सुकली अन् तात्या तारेला पानी पाजत्यात." त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुळस माफ करंल वैनी, करंट न्हाई करनार."

आमचा फ्रीज वडिलांच्या काळातला. जुनं ते सोनं म्हणून मी तो मिरवतो. गेल्या वैशाखात माझी बायको सुनंदा आठ दिवस सांगत होती, फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात. मी हात लावून पाहिला, काही नाही. वर तिलाच सुनावलं, "नवा हवाय तर सरळ सांग." तात्या तेव्हा परगावी होते; परत आल्यावर हा किस्सा मी त्यांना हसत हसत सांगितला. तात्या हसले नाहीत.

"चप्पल काढ."

मी घरातली स्लिपर काढली, हात लावला आणि बोंबललो. तात्यांनी बटण बंद करून प्लग उपसला. त्याची अर्थिंगची जाड पिन गायब. फ्रीजची जागा बदलली तेव्हा तिथल्या बोर्डात बसत नव्हती म्हणून मीच ती पक्कडीने मोडली होती.

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण तात्या फरशीवरच बसले.

"आमची घरवाली कमल बी हेच म्हनायची. मी रबरी चप्पल घालून हात लावायचो अन् तिलाच म्हनायचो, वायरमन मी हाय का तू? तुला वाताचा त्रास हाय. गेली ती तापानं, करंटनं न्हाई. वर्षश्राद्धाला आंघोळ करून अनवानी फ्रीजमधनं दूध काढाया गेलो, तवा चावला. खरं बोलत हुती रं ती. आता सांगू कुनाला?"

मला माझीच लाज वाटली. सुनंदाकडे बघवेना.

तात्यांनी त्या बोर्डात बसेल असा नवा प्लग बसवला, टेस्टर लावला, स्वतः हात लावून पाहिला. मला विचारलंच नाही.

"सूनबाई, आता तुमी बघा."

सुनंदाने दारावर हात ठेवला. "नाही चावत, तात्या."

"नीट बघून सांगा," तात्या म्हणाले. "तुमी सांगाल तेच खरं."