अकरा तिकिटांचं पाकीट

"बाबा, आमंत्रणं मी पोस्टानं पाठवणार आहे," असं मुलीनं जाहीर केलं, तेव्हा काउंटरकाकांचा चहा कपातून बशीत सांडला. त्यांच्या खात्याबद्दल घरात इतका प्रेमाचा शब्द आजवर कुणी काढला नव्हता. एकतीस वर्षं ते पोस्टात तीन नंबरच्या खिडकीत बसले होते. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना काउंटरकाकाच म्हणायची.

"आणि पाकिटांवर जुनी तिकिटं लावायची. कोरी, पण जुनी. ही बघा!" मुलीनं टेबलावर खोका उपडा केला. घुबडं, दीपगृहं, वाफेची इंजिनं, फुलपाखरं. जुन्या वस्तूंच्या दुकानातला होता नव्हता तेवढा साठा तिनं उचलून आणला होता.

काकांनी चष्मा चढवून एकेक तिकीट उजेडात धरलं. "चालतील. कोरं तिकीट कधी शिळं होत नाही," असं त्यांनी सांगितलं, ते अशा थाटात की जणू हा नियम त्यांनीच केला होता. अडचण एकच होती. एकेका तिकिटाची किंमत इतकी किरकोळ की एका पाकिटाला अकरा लावणं भाग होतं. आणि पाकिटं होती एकशे वीस.

सगळं घर कामाला लागलं. तिकिटांमागचा डिंक कधीच वाळून गेला होता. काकू म्हणाल्या, "मी जीभ लावणार नाही. ती मला लग्नात बोलायला लागणार आहे." मग वाटीत खळ करून ब्रश आणला गेला. अकरा तिकिटं लागल्यावर पत्त्याला जागा उरेना.

"घुबडाखाली बोटभर आहे की," मुलगी म्हणाली.

"तुझ्या मावशीच्या पत्त्यात नुसतं 'बेकरीच्या मागचा दुसरा जिना' एवढंच बोटभर होतं," काकू म्हणाल्या. तरी त्यांनी मुंगीएवढ्या अक्षरात एकशे वीस पत्ते बसवले.

पोस्टात तीन नंबरच्या खिडकीत आता काकांच्याच हाताखाली शिकलेली बाई बसत होती. गठ्ठा पाहून तिनं कपाळाला हात लावला. "काका, हे मशीनमध्ये नाही जायचं. प्रत्येक तिकिटावर हातानं शिक्का मारावा लागेल. तेराशे वीस शिक्के! माझ्या खिडकीपुढची रांग बघताय ना?"

"मग मी मारतो. तू नुसती शेजारी उभी राहा."

साहेबांची परवानगी काढून काका दोन दिवस मागच्या टेबलावर बसले. घुबडाच्या डोळ्यावर शाई जाऊ नये, इंजिनाचा धूर झाकला जाऊ नये, अशा बेतानं त्यांनी तेराशे वीस शिक्के मारले. तिसऱ्या दिवशी त्यांना उजव्या हातानं चमचा उचलवेना. तरी चेहऱ्यावर असं समाधान होतं की काकूंनी मुकाट्यानं डाव्या हाताशी ताट सरकवलं.

आणि मग काहीच झालं नाही.

'येणार असल्याचे कृपया कळवावे' असं कार्डावर छापलं होतं. दोन आठवडे लोटले, एकानंही कळवलं नाही. जेवणवाला रोज विचारी, "किती माणसं धरू?" मुलीच्या होणाऱ्या सासूबाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "मी तर म्हटलंच होतं, फोनवर टाका. पण तुमचं आपलं पोस्ट!" हे काकांनी गिळलं. पण संध्याकाळी मुलगी उरलेली तिकिटं चाळत हळूच म्हणाली, "बाबा, लोकांना यायचंच नसेल का हो?" हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, उरलेलं एक कार्ड पिशवीत टाकून, ते थोरल्या बहिणीच्या घरी धडकले.

"ताई, पाकीट मिळालं का?"

"म्हणजे काय! ते बघ." भिंतीवर, भाच्याच्या पदवीच्या फोटोशेजारी, काचेच्या चौकटीत पाकीट लटकत होतं. जसंच्या तसं, बंद.

"अगं, फोडलं नाहीस?"

"फोडू? वेडबीड लागलंय का? शेजारचे मास्तर तिकिटं जमवतात. ते म्हणाले, अशी अकरा तिकिटं, इतके नेटके शिक्के, जन्मात पाहिले नाहीत. फोडलं की संपलं! मी लगेच सगळ्या गोतावळ्याला फोन करून बजावलं, खबरदार कुणी पाकिटाला हात लावाल तर."

ताईनं बजावलं म्हणजे विषयच संपला. तिच्या शब्दापुढे त्यांच्या घराण्यात आजवर कुणी ब्र काढला नव्हता. काका मटकन खुर्चीत बसले.

"अगं ताई, आत लग्नाची तारीख आहे!"

"मग तोंडानं सांग की. मी काय बहिरी आहे?"

काकांनी सुस्कारा टाकून पिशवीतलं कार्ड काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "शनिवार, दिनांक सोळा, सकाळी..." आणि ते थांबले. हॉल घेतला होता नऊ तारखेचा. तोही शनिवारच. सगळं घर घुबडं आणि इंजिनं चिकटवण्यात इतकं गढलं होतं की छापून आलेलं कार्ड कुणी वाचलंच नव्हतं.

"काय रे? पांढरा का पडलास?"

"काही नाही. नऊ तारीख," काका म्हणाले. "आणि ताई, मास्तर म्हणतात ते अगदी बरोबर आहे. ते पाकीट मुळीच फोडू नकोस."

घरी येऊन त्यांनी जो फोन हातात घेतला, तो चार दिवस ठेवलाच नाही.

"पाकीट फोडलंत का?"

"नाही हो, पण आज फोडावं म्हणत होतो. तारीख तरी..."

"थांबा! एकतीस वर्षं खिडकीत काढलेला माणूस सांगतोय. बंद पाकिटाची सर फोडलेल्याला नाही. लग्न नऊला आहे. घ्या लिहून."

सासूबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की पाकिटं कुणी फोडलीच नाहीत, म्हणून आता सगळ्यांना फोन करतोय. त्या खूश झाल्या. "बघा, शेवटी फोनच कामाला आला!" "आलाच," काका नम्रपणे म्हणाले.

नऊ तारखेला हॉल असा भरला की जेवणवाल्याला दोनदा भात टाकावा लागला. जो तो नवरानवरीआधी काकांना गाठून पाकिटाचं कौतुक करत होता. मुलीला खरी गोष्ट त्यांनी लग्न लागल्यावर कानात सांगितली. ती इतकी हसली की फोटोवाल्याला तिचे सगळ्यात चांगले फोटो तेव्हाच मिळाले.

दहाबारा दिवसांनी मुलगी माहेरी आली असताना पोस्टानं एक पत्र आलं. ते होतं तिच्या शाळेतल्या वृद्ध मुख्याध्यापिकाबाईंचं. फोनच्या धांदलीत यादीतलं त्यांचं नाव राहून गेलं होतं आणि त्या ताईच्या गोतावळ्यातल्या नव्हत्या. मुलीनं ते मोठ्यानं वाचलं.

'सोळा तारखेला तुझ्या लग्नाला येऊन फार आनंद झाला. हल्ली मला नीट दिसत नाही, पण तू अंगानं चांगली भरली आहेस आणि उंचही झाली आहेस. तुझे यजमान वयानं जरा पोक्त वाटले, पण माणूस लाघवी आहे. त्यांनी मला आग्रह करून तीनदा वाढलं. तुझ्या वडिलांना मात्र सांग, इतकी वर्षं ओळख असून त्यांनी मला साफ ओळख दाखवली नाही, हे काही बरं केलं नाही.'

काका उठले, त्यांनी एक कोरं पाकीट घेतलं आणि बाईंची माफी मागायला बसले.