कृष्णनाथांचे तीन मासे

निवृत्तीनंतर माणसाने छंद जोपासावा. कृष्णनाथांनी मासा जोपासला.

केरीच्या खडपांत, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, ओहोटीनंतर उरलेल्या डबक्यात, बोटाएवढा, अंगावर पाच काळे पट्टे असलेला मासा त्यांना शनिवारी दिसला आणि समुद्राच्या पाण्यासह बरणीतून कोरगावला आला. गोवा घटकराज्य होऊन वर्ष उलटले होते. मामलेदार कचेरीत पंचवीस वर्षे केवळ दुसऱ्यांचे ऐकलेल्या कृष्णनाथांना वाचनालयाने प्रथमच व्याख्यान द्यायला बोलावले होते: रविवारी सायंकाळी, विषय ‘आपला किनारा’. तेथे बिननावाचा मासा दाखवणे म्हणजे शोभाच!

रविवारी सकाळी मासळी घेऊन आलेल्या चंद्रावतीला त्यांनी विचारले, “याचे नाव काय गं?”

“नांव कित्याक जाय, बाबा? हुमणाक पडना, ताका कोण हाक मारता!” हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, न पडणाऱ्याला नाव कशाला, असा तिचा हिशेब.

अखेर त्यांनी वही उघडली (कचेरीची सवय). पांढऱ्या टोपात ठेवलेला मासा फिकट पिवळा, म्हणून नोंद केली. तेवढ्यात पत्नी सुमंगलाबाईंनी भातासाठी टोप मागितला. मासा काळ्या मातीच्या भांड्यात गेला आणि गडद दिसला, दुसरी नोंद. मग हुमणासाठी ते भांडेही गेले. निळ्या बाल्दीत तो निळसर, तिसरी नोंद. दुपारी त्यांनी ग्रंथपाल शिवदासांना निरोप धाडला: तीन दुर्मीळ जाती सापडल्या.

शिवदास वाचनालयाच्या फळ्यावर तसे लिहून, चित्रांचे पुस्तक घेऊनच आले. बाल्दीत डोकावून म्हणाले, “हा तर सार्जंट मासा. पट्टे पाहा. खडकाळ किनाऱ्यावर राहतो. बाकीचे दोन कुठे?”

कृष्णनाथांनी वहीत पाहिले. वहीत तिघेही होते.

“अहो, मी भांडी मागत गेले आणि तुम्ही त्यालाच हलवत गेलात,” सुमंगलाबाई म्हणाल्या. “भांडे तसा त्याचा रंग! आता उभे राहा फळ्याखाली.”

कृष्णनाथ ताठ होऊन म्हणाले, “मासा त्याच्या घरीच ओळखावा. व्याख्यान केरीला होईल!”

सुमंगलाबाईंसह आठ श्रोते बसने केरीला पोहोचले. कृष्णनाथांनी किनारा, भरती, खडपे यांवर उत्तम भाषण केले आणि समारोपादाखल मासा डबक्यात सोडला. तेथे त्याच्यासारखे तीसेक होते. सगळे क्षणात कपारींत पांगले.

“यातला तुमचा कोणता?” शिवदासांनी विचारले.

कृष्णनाथ चष्मा पुसू लागले. उत्तर सुमंगलाबाईंनी दिले.

“यांना पाहून सर्वांत लांब पळाला, तो.”