माफ केलेली रात्र

डिसेंबरच्या तीस तारखेला संध्याकाळी व्हर्नन हॅगलंड बॅग भरून स्वतःच्या घरातून निघाला, आणि स्वतःच्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या हॉटेलात मुक्कामाला गेला. निघताना त्याच्या बायकोने, डोरीनने, दारात उभं राहून त्याला एवढंच सांगितलं :

"आपल्याकडे पलंग आहे, व्हर्नन. तुझ्या बाजूची गादी तर अजून नव्यासारखी आहे."

"अगं, फक्त एक रात्र कमी पडतेय. एका रात्रीपायी हॉटेलातला नीलम दर्जा घालवू?"

"घालवलास तर काय होईल?"

"हवाई जाईल! वसंतातला तो समुद्रासमोरचा सूट फक्त नीलम पाहुण्यांनाच फुकट आहे. दर्जा गेला की सूट गेला."

"हवाई दरवर्षीच जातं," डोरीन म्हणाली आणि घेवड्याच्या कॅसरोलचा डबा तिने त्याच्या हातात दिला. हॉटेलातलं जेवण किती महाग असतं हे तिला त्याच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकावं लागलं होतं की, डबा देणं हा आता प्रेमाचा भाग उरला नव्हता.

व्हर्नन धान्याच्या कोठारांना वजनकाटे विकत असे. नेब्रास्कापासून डकोटापर्यंत पसरलेल्या त्या सपाट प्रदेशात त्याने उमेदीची सगळी वर्षं हेरॉन नावाच्या हॉटेलसाखळीत झोपून काढली होती. लग्नानंतर त्याने डोरीनला हवाई दाखवण्याचं वचन दिलं, आणि ते स्वतःच्या पैशाने नव्हे तर मुक्कामांवर मिळणाऱ्या हेरॉनच्या गुणांवर पूर्ण करायचं, असा निश्चय केला. गुण साठत गेले. ते पुरेसे झाले की नियम बदलत, आणि नियम कळेपर्यंत वर्ष संपे. यंदा मात्र सर्व काही जुळून आलं होतं. वर्ष संपायच्या आत एक रात्र तेवढी हवी होती. खोली घेऊन गुपचूप घरी परतणं शक्य होतं, पण पलंगावर कोणी झोपलेलं नसेल तर ती रात्र मोजत नाहीत, अशी विक्रेत्यांमध्ये वदंता होती. व्हर्ननला धोका पत्करायचा नव्हता.

"स्वागत आहे, हॅगलंडसर," स्वागतकक्षातली क्लॅरिस म्हणाली. "आपण नीलम असल्यामुळे आपल्याला विनामूल्य सूट देत आहोत. शिवाय एक बिस्किट. आणि हे स्थळ-आनंद शुल्क."

"स्थळ कुठलं?"

"ओमाहा, सर."

"अहो बाई, मी जन्मलो ओमाहात!"

"मग तर आपल्याला आनंद अधिकच होत असेल. यात सायकल आणि पोहण्याचा तलाव दोन्ही आलं."

बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि तलाव मार्चपर्यंत बंद असल्याची पाटी क्लॅरिसच्या मागेच लटकत होती. व्हर्ननने सही केली. हवाई डोळ्यांसमोर असताना माणूस बरंच काही सोसतो.

सूटमधला फ्रिज बाटल्यांनी आणि खाऊच्या पुड्यांनी गच्च भरलेला होता. अर्धा डबा खाऊन झाल्यावर उरलेलं कॅसरोल ठेवायला जागा हवी, म्हणून व्हर्ननने वाइनच्या बाटल्या, बदाम, चॉकलेटं बाहेर काढून टेबलावर नीट ओळीत मांडली आणि डबा आत सरकवला. सकाळी डबा काढून प्रत्येक वस्तू तिच्या मूळ जागी परत ठेवली. या बाबतीत तो काटेकोर होता.

फ्रिज त्याच्याहून काटेकोर निघाला. त्यातली वस्तू जागची हलली की ती विकली गेली, असं तो परस्पर खाली कळवत असे. दाराखालून आत आलेल्या बिलात व्हर्नन एका रात्रीत तेरा बाटल्या प्यायलेला होता आणि तितक्याच उत्साहाने त्याने बदाम खाल्ले होते.

बिल हातात घेऊन तो न्याहारीच्या दालनात शिरला, तर तिथे निम्मं ओमाहा बसलेलं. सगळ्यांची घरं हाकेच्या अंतरावर, आणि सगळेच वर्षअखेरची रात्र गाठीला बांधायला आलेले. बी-बियाण्यांचा विक्रेता मर्ल ड्वोराक अंडी खाता खाता म्हणाला, "अरे व्हर्न, तू फार मऊ बोलतोस. आवाज चढव. फेब्रुवारीत मी चढवला, तर टोस्टरसुद्धा देऊ करत होते."

व्हर्ननने आवाज चढवला.

"ही लूट आहे! माझ्या बायकोचं कॅसरोल ठेवायला मी फ्रिज उघडला, तर तुम्ही मला दारुडा ठरवता? मॅनेजरला बोलवा! नीलम आहे मी!"

मॅनेजर आला, त्याने बिल वाचलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "आम्हाला लाज वाटते, सर. बाटल्या, बदाम, स्थळ-आनंद, खोलीचं भाडं, आम्ही सगळंच माफ करतो."

दालनात टाळ्या वाजल्या. व्हर्ननने सर्वांना वाकून नमस्कार केला. ड्वोराकने चमचा खाली ठेवला.

"सगळं माफ? म्हणजे बिल शून्य?"

"शून्य!"

"मग रात्र कशी मोजणार, बाबा? फुकटची रात्र दर्जाला धरत नाहीत."

व्हर्नन पळत स्वागतकक्षात क्लॅरिसकडे गेला.

"बाई, माझी चूक झाली. खोलीचे पैसे घ्या."

"आता घेता येत नाहीत, सर. नोंद बंद झाली."

"बाटल्यांचे तरी घ्या. प्यालो मी त्या. तेराच्या तेरा!"

"त्या आता आमच्याकडून भेट आहेत."

"मग आज रात्री पुन्हा राहतो!"

"आजची रात्र पुढच्या वर्षात संपते, सर. ती पुढच्या वर्षाला धरतात."

व्हर्नन टेबलावर दोन्ही हात टेकून उभा असताना दार सरकलं आणि डोरीन आत आली. तिच्या अंगावर जाड कोट होता, डोक्यावर गवती हॅट आणि हातात सुटकेस.

"विमानतळाची गाडी इथूनच सुटते ना?" तिने क्लॅरिसला विचारलं. "मी हॅगलंडची बायको."

"हो, बाईसाहेब. नीलम पाहुण्यांच्या कुटुंबाला मोफत आहे. साहेबांचा दर्जा आज मध्यरात्रीपर्यंत आहे."

"तेवढा पुरेल."

"डोरीन, कुठे निघालीस?"

"हवाईला. माझ्या वाचनालयातल्या पगारातून सप्टेंबरातच दोन तिकिटं काढली होती. खोली साधीच आहे, खिडकीतून वाहनतळ दिसतो. काल जेवताना तुला सांगणार होते." तिने हातमोजे चढवले. "तू बॅग घेऊन बाहेर पडलास. मग फोन करून तुझं तिकीट रद्द केलं."

व्हर्ननने तोंड उघडलं. एवढ्या वर्षांचं सगळं त्या एका वाक्यात बोलता आलं असतं. डोरीनही थांबली होती, सुटकेस खाली ठेवून.

"रद्द करताना," त्याने विचारलं, "काही कापून घेतलं का त्यांनी?"

डोरीनने सुटकेस उचलली.

"निम्मे कापले," ती म्हणाली. "काल थोडं जड गेलं होतं. आता नाही वाटत."

आणि नीलम पाहुण्यांच्या गाडीत ती पुढची जागा बघून बसली.