मानीव परदेशी

विद्यार्थ्यांची सांस्कृतिक व शैक्षणिक सक्षमता वाढावी म्हणून विद्यापीठाने परकीय भाषेचा विषय सक्तीचा केला आणि प्रात्यक्षिक परीक्षेला 'परदेशी व्यक्तीशी दहा मिनिटे संभाषण' असा प्रश्न ठेवला. प्रश्न उत्तम होता. फक्त परदेशी व्यक्ती नव्हती. बाहेरून बोलवावी, तर ती विमानाने येणार, आणि विद्यापीठाच्या नियमात फक्त बसचं साधं तिकीट बसत होतं. भाषा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी बसते की मुलांसमोर. मला भाषा येते." पण बाईंचं माहेर कुलसचिवांच्याच गल्लीत. त्यांना परदेशी कोण मानणार?

'मानणार' या शब्दापाशी कुलसचिव थबकले. प्रश्न मानण्याचाच असेल, तर तो ठरावाने सुटतो. त्याच बैठकीत 'मानीव परदेशी' हे पद निर्माण झालं आणि त्यावर संख्याशास्त्राच्या घारे सरांची नेमणूक झाली.

सरांचं खरं आडनाव वेगळं होतं. डोळे घारे म्हणून हे नाव पडलेलं. वर्ण गोरा, उंची भरपूर, आणि त्यांचं बोलणं मुलांच्या तसंही डोक्यावरून जायचं. त्यांच्या विषयाला आता मुलंच येत नव्हती, त्यामुळे नोकरी जाण्याच्या बेतात होती.

"एवढं स्वीकारा, नोकरी शाबूत राहील," कुलसचिव म्हणाले.

"पण साहेब, मला ती भाषा येत नाही."

"परीक्षा मुलांची आहे सर, तुमची नाही."

पहिल्या परीक्षेत मुलं काहीबाही बोलली, सरांना ओ की ठो कळलं नाही, आणि त्यांनी प्रामाणिकपणे सगळ्यांना नापास केलं. कुलसचिवांनी बोलावून समज दिली, की परदेशी माणसं हसतात, मान डोलावतात. फेरपरीक्षेत सर हसले, त्यांनी मान डोलावली, आणि निकाल शंभर टक्के लागला. एका मुलीने तर दहा मिनिटं आपल्या बसच्या थांब्यांची नावं नाकातून म्हणून दाखवली आणि विशेष प्रावीण्य मिळवलं.

पुढे एका पालकाने सरांना बाजारात भाजीवालीशी घासाघीस करताना पाहिलं, तीही अस्सल आपल्या भाषेत. निकालच रद्द व्हायची वेळ आली. तातडीने परिपत्रक निघालं: मानीव परदेशी व्यक्तीने आवारात स्थानिक भाषा बोलू नये, आणि ती तिला समजते असे कोणीही समजू नये.

परिपत्रकाची अंमलबजावणी विद्यापीठात प्रथमच चोख झाली. इतकी वर्षं सरांशी क्रिकेटवर वाद घालणारा शिपाई हातवारे करून त्यांना त्यांचीच खोली दाखवू लागला. मुलं सावकाश आणि मोठ्याने "स-र, पा-णी?" असं विचारू लागली. शिक्षकांच्या खोलीत तर सर समोर बसलेले असतानाच बोलणं चाले.

"घाऱ्याचं बरंय. मान हलवायचा पगार."

"हळू बोला हो."

"त्याला कुठं कळतंय? परिपत्रक वाचलं नाहीत का?"

बोलणाऱ्याच्या मुलीला सरांनी दोन वर्षं घरी बोलावून गणित शिकवलं होतं. ते चहाच्या कपात बघत राहिले.

घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मूग गिळून बसा. निवृत्तीला आता राहिलंय किती?"

"अगं, समोर बसलो तरी मी आहे असं कुणी धरतच नाही."

"होते सवय," ती शांतपणे म्हणाली. "मला लग्नानंतर वर्षभरात झाली."

मूग गिळूनही भागलं नाही. लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला: परदेशी व्यक्तीला कायम पद देता येत नाही. सत्र संपताच सरांची सेवा समाप्त होणार होती. सर धावत कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने हातानेच थांबवलं आणि भिंतीवरचा नियम दाखवला: परदेशी व्यक्तीचे गाऱ्हाणे तिच्याच भाषेत ऐकले जाईल.

मग सर भाषेच्या बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले.

"सर, तुम्हाला काय शिकायचंय?"

"'माझ्यावर अन्याय झाला आहे', एवढंच."

बाई अवघडल्या. "ते तिसऱ्या सत्रात येतं. पहिल्यात फक्त आभार आणि हवामान आहे."

पण इतक्या वर्षांत त्या भाषेत कुणाला काही खरोखर सांगायचंय, असा हा पहिलाच विद्यार्थी. बाईंनी रोज संध्याकाळी घरी बोलावून त्यांच्याकडून घोटून घेतलं. सरांनीही जीव ओतला. आभार झाले, हवामान झालं, आणि सत्र संपता संपता अन्यायही तोंडपाठ झाला.

सुनावणीच्या दिवशी सर समितीपुढे उभे राहिले आणि न अडखळता बोलले. समिती हसली, समितीने मान डोलावली. कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी डोळे पुसले. खोलीत कळलं होतं ते फक्त त्यांना.

"फार छान," अध्यक्ष म्हणाले. "आणखी काही?"

सरांचा बांध फुटला. "अहो, मी तुमच्यातलाच आहे. जन्म या गावात गेला माझा. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या ठरावापायी माझी नोकरी चाललीय. कुणीतरी ऐका हो."

मग कुलसचिवांनी टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनी.

"बघा, आपली भाषा किती चटकन उचलली यांनी," ते कौतुकाने म्हणाले. "'सगळ्यां'मधला 'ळ' तेवढा अजून घोटायला हवा."

सरांना पुष्पगुच्छ देण्यात आला, आणि सेवा ठरल्याप्रमाणे समाप्त झाली. विभागाच्या वार्षिक अहवालात सक्षमतेचं ठळक उदाहरण म्हणून त्यांचा उल्लेख आहे.

सर आता घरीच असतात. भेटेल त्याला ही हकिकत अगदी पहिल्यापासून सांगतात. लोक शेवटपर्यंत ऐकतात, मध्ये मध्ये हसतात, मान डोलावतात, आणि उठताना म्हणतात, "काय भाषा आहे हो तुमची." तुम्हीही आत्ता तेच म्हणणार होतात.