चार बोटं जाडीचा अस्सलपणा

फ्लॉरेन्सच्या एका मागच्या गल्लीत नेल्लो बार्दुच्चीची खानावळ होती. तिथे मिळणारा बिस्तेका, म्हणजे हाडासकट कापून निखाऱ्यावर भाजलेला गोमांसाचा तुकडा, अस्सल असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नव्हता. तो चवीला उत्तम होता, पण चव म्हणजे काही पुरावा नव्हे. समोरच्या हॉटेलाला परंपरा रक्षण मंडळाची पितळी पाटी मिळाली आणि तेव्हापासून प्रवाशांना पाटी वाचल्याशिवाय भूकच लागेनाशी झाली. नेल्लो माश्या मारत बसे. पाटी मिळाली नाही तर बापाने थाटलेली खानावळ हिवाळ्यात बंद करायची, असं त्याने आणि बायकोने, इवानाने, रडतरडत ठरवलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष प्रोफेसर बेनिन्काझी दोन सदस्यांना घेऊन तपासणीला आले. बिस्तेका चार बोटं जाड हवा, याबद्दल दुमत नव्हतं. बोटं कोणाची, याबद्दल मात्र होतं.

"माझी घ्या की," नेल्लो म्हणाला.

"तुमची फार राकट आहेत. घरगुती वापराला ठीक."

अध्यक्षांची स्वतःची बोटं पेन धरून धरून वाळली होती. अखेर दिवंगत संस्थापकांच्या हाताचा प्लास्टरचा साचा मखमली पेटीतून मागवण्यात आला. संस्थापकांना संधिवात होता. त्या सुजलेल्या बोटांनी मोजलेला तुकडा वरून जळाला आणि आत थंडगार राहिला. सदस्यांनी घास तोंडात घोळवला, "परंपरा जाणवते" असा शेरा दिला आणि घास हळूच रुमालात काढला.

"आता उद्धटपणा," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक म्हणालं, परंपरेप्रमाणे आत कच्चा नको, पूर्ण शिजवून द्या, तर तुम्ही काय करता?"

"शिजवून देतो."

एका सदस्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

"अहो, अपमान करायचा असतो! आपल्या गावाचा बाणा आहे तो. समोरचा हॉटेलवाला तर गिऱ्हाईकाला तोंडावर गाढव म्हणतो. माणसं लांबून येतात ते ऐकायला."

नेल्लोने जन्मात कोणाला अरे-तुरे केलं नव्हतं. घरी तालीम सुरू झाली. इवाना गिऱ्हाईक व्हायची, नेल्लो तिच्यावर ओरडायचा आणि लगेच माफी मागायचा.

"माफी कसली मागतोस मेल्या, पाटी जाईल!" इवाना कपाळावर हात मारून घ्यायची.

अंतिम परीक्षा रविवारी दुपारी ठेवली होती. परीक्षा आहे म्हटल्यावर प्रवाशांनी खानावळ भरून गेली. तेवढ्यात नेल्लोची आई आर्जा दर रविवारसारखी आत आली आणि खिडकीजवळ बसली.

"नेल्लो, माझा चांगला खरपूस करून आण हो. या कवळीने कच्चं चावत नाही. तुझ्या बापालाही तसाच लागायचा."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

"अरे, आई आहे ती तुझी," इवाना पुटपुटली.

"आणि पाटी?"

इवाना शेजारचं टेबल पुसू लागली.  नेल्लोने डोळे मिटले.

"गाढव कुठली! चामडंच चावायचं तर चांभाराकडे जा! ऊठ, चालती हो!"

म्हातारीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बाळा, बरं नाही का रे वाटत तुला?"

"पुन्हा एकदा," अध्यक्ष म्हणाले. "जरा मोठ्याने."

नेल्लो पुन्हा ओरडला. आर्जाने पिशवी उचलली, खुर्ची नीट आत सरकवली आणि ती निघून गेली. खानावळीत टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटी त्याच संध्याकाळी लागली. नेल्लो भटारखान्यात तोंड लपवून रडत होता. रडण्याबाबत मंडळाचा अद्याप नियम नसल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करण्यात आलं.

आता दारात रांग असते. आर्जा काही परत आलेली नाही. त्या दुपारची चित्रफीत मात्र जगभर फिरली. तुम्हीही ती पाहिलीत, पोट धरून हसलात आणि "याला म्हणतात अस्सल!" असं लिहून घरच्या ग्रुपवर पाठवलीत. खाली तुमच्या आईने अंगठा टाकला आहे.