परबकाकांचे सहा आकडे

परबकाका शेअर्सचं खातं फक्त करंगळीने उघडतात. अंगठा मुठीत गच्च मिटलेला. "अंगठो लागलो आणि सगळा इकला गेला तर? वाट लागली समज!"

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. काका औषधांच्या गोदामातून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत असते आणि मला साक्षीदार म्हणून आत बोलावलं जातं. काका फोनवर तळहात झाकून ठेवतात आणि इंचाइंचाने खाली सरकवतात. सगळे भाव एकदम बघायची छाती नाही. लाल दिसलं की "वाट लागली समज". हिरवं दिसलं की आवाज आणखी खोल जातो. "इतको वर गेलो, मंगल. आता पडतलो."

त्यांच्याकडे एका बिस्किट कंपनीचे चाळीस शेअर आहेत. तेवढ्यासाठी ते वाण्याच्या दुकानासमोर उभे राहून कोण कुठली बिस्किटं घेतं ते बघतात. कुणी दुसरी घेतली की स्वतः दोन पुडे विकत घेतात. घरात मुंग्यांचा सुकाळ आहे.

"इतकी भीती वाटते तर विकून टाका," मी म्हणायची.

"आणि मग सकाळी उघडू काय?"

खातं उघडून दिलं ते त्यांच्या मुलीने, स्मिताने. मोबाइल नंबरही तिचाच दिलेला. त्यामुळे काकांनी पासवर्ड टाकला की ओटीपी जातो तिच्या फोनवर, वरळीला. पुढे तिने डेन्झिलशी लग्न केलं. ख्रिश्चन जावई म्हणून काका लग्नाला गेले नाहीत आणि बापलेकीचं बोलणं तुटलं. ओटीपी मात्र राहिला. तो गेला की मिनिटाच्या आत तिचा फोन येतो. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू. "चार, शून्य, सात, सात, एक, नऊ." फोन बंद. सहा वर्षं रोज एवढंच.

मला असला कारभार बघवत नाही. गेल्या महिन्यात मी नंबर बदलायचा फॉर्म भरून नेला. सही तेवढी बाकी. काकांनी पेन हातातसुद्धा घेतलं नाही. "नको गो. काय तरी बिघडात."

"काय बिघडणार? स्वतःचा फोन, स्वतःचा ओटीपी!"

त्यांनी पासवर्ड टाकला. फोन आला नाही. पुन्हा टाकला. नाहीच. शेजारच्या टीव्हीवर बाजार कोसळल्याची ओरड चालली होती. काकांच्या कपाळावर घाम फुटला.

"अहो, आज सगळ्यांचंच पडलंय," मी म्हटलं.

"बाजार पडां दे, मेलो! ती या टायमाक उठलेली असता."

"मग लावा तिला फोन."

"मी कधी लावलंय? लावून काय सांगू?" आणि माझ्या हातातल्या फॉर्मकडे असे बघायला लागले, की मी तो घडी घालून कमरेला खोचला.

पावणेदहाला काकांनी पुन्हा पासवर्ड टाकला, आणि फोन वाजला. "बाबा, रात्री ताप होता, डोळा लागला. घ्या. दोन, आठ, पाच..."

ती सहाही आकडे बोलली. काकांनी एकही दाबला नाही.

"औषध घेतलंस?"

फोन कट होणार म्हणून मीही श्वास धरून बसले.

"घेतलं," ती म्हणाली. मग, "डेन्झिलने पेज केलीय."

"पेजेबरोबर लोणच्याचो खार खा. तोंडाक चव येता."

"हं."

तिने फोन ठेवला नाही. यांनीही नाही. एवढ्यात काकांच्या फोनवर लाल अक्षरं आली.

"काका, ओटीपी संपला," मी म्हटलं. "परत मागवा."